मागे काच आहे

ग्रॅव्हल म्हणजे खडी, रेव, मुरूम. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचे गाव आहे. २००६ साली तिथे ३४ जण गावाबाहेरच्या खडीच्या रस्त्यांवरून सायकलने दोनशे मैल जाण्याच्या शर्यतीला उभे राहिले. तिथून ही हौस जगभर पसरली. डांबरी सडक सोडून कच्च्या रस्त्याने लांब जायचे, त्यासाठी वेगळी सायकल, वेगळे टायर, वेगळे कपडे. २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. आता पुण्या-मुंबईच्या दुकानांत ग्रॅव्हल बाइक मिळते आणि ती घेऊन तरुण मुले सह्याद्रीत कच्चे रस्ते शोधत हिंडतात. मीही गेली चार-पाच वर्षे हिंडतो. तरुण नसलो तरी.

आमच्या घरात हा प्रकार १९५४ पासून चालू होता. फक्त त्याला 'फेरी' म्हणत.

माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, मेढ्याचे मणेर. मेढा हे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्याचे ठाणे, वेण्णा नदीच्या काठचे. दादांच्या वडिलांनी डोक्यावर आणि पाठीवर बोजा घेऊन बांगड्या विकल्या. दादांनी सायकल घेतली. कंपनी नवीच होती, सोनीपतला १९५१ मध्ये निघालेली ॲटलस. काळी, उंच, दांड्याच्या ब्रेकची, एकाच गिअरची. तिच्या मागच्या कॅरिअरवर बांगड्यांची लाकडी पेटी आणि पुढच्या हँडलला दोन पिशव्या. सायकल आणि माल मिळून वजन चाळीस किलोच्या आसपास जात असेल. ते घेऊन दादा १९८८ पर्यंत जावळीच्या वाड्या-वस्त्या फिरले. शाळेच्या सुट्टीत काही वेळा मी त्यांच्याबरोबर गेलो आहे, कधी पुढच्या दांड्यावर बसून, कधी मागून सायकल ढकलत.

ग्रॅव्हल बाइक विकत घेताना दुकानातला मुलगा टायरची महती सांगत होता. "काका, चाळीस एमएमचा टायर आहे. शर्यतीच्या सायकलला अठ्ठावीस असतो. रुंद टायर, कमी हवा, म्हणजे खडी लागत नाही." घरी येऊन मी मापे काढत बसलो. ॲटलससारख्या जुन्या सायकलींचा टायर अठ्ठावीस बाय दीड इंचाचा. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर, आणि टायरवरच्या आंतरराष्ट्रीय मापात ती रुंदी ४० अशीच लिहिली जाते. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी दादा ज्या रुंदीच्या टायरवर कुसुंबीचा चढ चढत होते, त्याच रुंदीचा टायर मला आता नवा शोध म्हणून मिळाला. रिम तेवढी तेरा मिलिमीटरने लहान झाली.

कमी हवेचेही तसेच. आजच्या सायकलस्वारांना कमी हवा लागते ती हातांना आणि पाठीला धक्के बसू नयेत म्हणून. दादांचे कारण वेगळे होते. मी पंप मारायला लागलो की ते अंगठ्याने टायर दाबून बघत आणि म्हणत, "बस, जास्ती हवा नक्को. पिच्छे काच है."

मागे काच आहे. फिरोजाबादहून आलेली, दोरीत ओवलेली, दोनशे-तीनशे बांगड्यांची काच, आणि रस्ता मुरमाचा. हा पेच रोज सोडवायचा होता. दादांची पद्धत अशी : पेटीच्या तळाला भाताचे पिंजर, त्यावर जुन्या गोधडीचा तुकडा, त्यावर माळा आडव्या लावायच्या, उभ्या नाहीत. दोन माळांमध्ये पुन्हा कापड. पेटी आणि कॅरिअर यांच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आणि बांधायलाही दोरीऐवजी ट्यूबच. "रस्सी झटका देती, ट्यूब झटका खाती." उतारावर ते कधी सायकलवर बसत नसत. चढावर सायकल हातात आणि उतारावरही हातात. मग चालवायची कधी, असे मी विचारले होते. ते म्हणाले, "सपाटीला. वो बी खाली पेटी हुई तो."

तरीही बांगड्या फुटत. पण घरात 'फुटल्या' हा शब्द चालत नसे. मराठी बायका जसे बांगडी 'वाढली' म्हणतात तसेच दादाही म्हणत, "आज दो डझन वाढली." मेढ्याच्या आमच्या घरात दख्खनी बोलली जायची, पण हा शब्द मराठीचाच राहिला. ज्यांना काच विकायची त्यांच्याच श्रद्धेने ती सांभाळायची, असा काहीसा तो हिशेब असावा.

आता रस्त्यांविषयी, कारण ज्यांना जायचे असेल त्यांना उपयोग व्हावा.

दादांची मोठी फेरी मेढ्याहून निघे. मेढा, कुसुंबी, तिथून वर चढून कासचे पठार, मग उतरून बामणोली. बामणोलीला कोयनेचे पाणी आडवे येते. लाँचने पलीकडे तापोळा. तापोळ्याहून चढत पंचवीसेक किलोमीटरवर महाबळेश्वर आणि तिथून केळघरचा घाट उतरून परत मेढा. पूर्ण वळसा साधारण नव्वद-शंभर किलोमीटरचा. दादांना तो चार ते पाच दिवसांचा, कारण मधल्या वाड्या घ्यायच्या असत. मी दोन दिवसांत करतो आणि बामणोलीला मुक्काम करतो.

या वळशातला मुख्य रस्ता आता डांबरी आहे. मुरूम उरला आहे तो वाड्यांना जाणाऱ्या फाट्यांवर, धरणाच्या पाण्याच्या काठाने जाणाऱ्या वाटांवर आणि पठारांवर. खाली सगळा काळा दगड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बसाल्ट. तो कुजला की मुरूम होतो. मुरमावर सायकल चांगली चालते, पाणी मुरते, चाक धरते. पण पठाराच्या माथ्यावर जांभा आहे. जांभा कोरडा असताना खरखरीत आणि विश्वासू, ओला झाला की त्यावर शेवाळ धरते आणि साबणासारखा होतो. महाबळेश्वरला पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा जून ते सप्टेंबर या वाटांना जाऊ नये. दादाही जात नसत. ते चार महिने ते मेढ्यात बसून पेटी दुरुस्त करत आणि उधारी आठवत. श्रावणात नागपंचमीच्या आधी मात्र पाऊस असो वा नसो, जवळच्या गावांना जावेच लागे. पंचमीला नवी बांगडी भरल्याशिवाय बायका राहत नसत.

कासचे पठार साधारण बाराशे मीटर उंचीवर. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कासही आले आणि तेव्हापासून फुलांच्या दिवसांत तिथे गर्दी, तिकीट, कुंपण आले. या पठारावर सायकल वाटेवरूनच चालवावी. जांभ्याच्या कातळावर बोटभर मातीत ती फुले उगवतात. चाकाची एक रेघ बरीच वर्षे पुसत नाही. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. दादांना तिचा फुलोरा बघून वर्षे मोजता येत. कासवरून महाबळेश्वरकडे जुनी वाट जाते, तिला लोक राजमार्ग म्हणतात. कुमुदिनीच्या तळ्यापर्यंतची ती वाट पायी जाण्यासारखी आहे. सायकल बाहेर ठेवलेली बरी.

साताऱ्याच्या नैर्ऋत्येला ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीचे पठार आहे. तिथे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि एकेका चक्कीपर्यंत सामान न्यायला मुरमाचे रुंद रस्ते झाले. चाळकेवाडी, वनकुसवडे, सडावाघापूर असे ते पठार पाटण तालुक्यात उतरते. खडीवर सायकल चालवणाऱ्याला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. चढ सौम्य, वाहने तुरळक, नजर मैलोन् मैल. तोटा एकच. सावली नाही आणि पाणी नाही, दोन्ही बरोबर न्यावे. तिथे मी असरची नमाज पढतो. आपल्याकडून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. नैर्ऋत्येचा वारा वाहत असला की सगळ्या चक्क्याही जवळजवळ तिकडेच तोंड करून उभ्या असतात. एवढी मोठी जमात मला दुसरीकडे मिळालेली नाही.

दादांच्या नकाशात आणि माझ्या नकाशात मोठा फरक पाण्याचा. कोयना धरणात १९६१-६२ पासून पाणी साठू लागले आणि सोळशी-कोयनेच्या खोऱ्यातली गावे उठली. दादांची सात-आठ वर्षांत बसवलेली फेरी बुडाली. काही लोक लांब दुसऱ्या जिल्ह्यांत गेले, काही डोंगराला सरकून वर वाड्या करून राहिले. बरीच माणसे मुंबईला माथाडी कामाला लागली आणि मागे बायका राहिल्या. दादांनी सायकल लाँचमध्ये घातली. नवी ठिकाणे शोधायला त्यांना दोन वर्षे लागली. ते सांगत, खाली पाण्यात कोणते घर कुठे होते ते लाँचमधून बायकाच त्यांना दाखवत. मुंबईहून मनीऑर्डर आली की बांगड्यांचे पैसे. नाहीतर सुगीला नाचणी आणि भात. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्यानंतरच्या फेरीला दादा पेटीत बांगड्या कमी आणि मीठ, काड्यापेट्या, सुया-दोरे जास्त घेऊन गेले होते, असे दादी सांगायची.

खडीबद्दलही एक गोष्ट दादीकडूनच कळलेली. तिचे माहेर पूर्वेला खटाव तालुक्यात, दुष्काळी भागात. १९७२ च्या दुष्काळात तिकडे सरकारी कामे निघाली. रोजगार हमी योजना महाराष्ट्रात सुरू झाली ती याच काळात, तिचा कायदा पुढे १९७७ मध्ये झाला आणि २००५ मध्ये देशभरासाठी जो रोजगाराचा कायदा आला त्याच्यापुढे हेच उदाहरण होते. त्या कामांवर मुख्य काम खडी फोडण्याचे. ढिगाशेजारी बसायचे, एका हाताने दगड धरायचा, दुसऱ्या हातात हातोडा. दादीची बहीण त्यावर होती. कामावर सुकडी मिळे आणि रेशनला लाल मिलो. तिच्या भुवईत दगडाची कपची घुसली होती, तो व्रण शेवटपर्यंत होता. दादा एरवी वर्षातून दोनदा सासुरवाडीच्या बाजूला फेरी करत. त्या वर्षी गेले नाहीत. खडी फोडणारीच्या मनगटात काच टिकत नाही. सबंध तालुक्याच्या बायका उघड्या हातांनी दगड फोडत असताना बांगड्यांची पेटी घेऊन कुठल्या तोंडाने जायचे, असे ते म्हणाले म्हणे.

खटाव-माणच्या जुन्या रस्त्यांवरून आता जाताना मला चाकाखालच्या आवाजाचा अर्थ निराळा लागतो. डांबर उखडले की खालून तीच खडी वर येते. ती यंत्राच्या खडीसारखी एका मापाची नसते. एक मोठा, एक बारका. एकेका हाताची एकेक मर्जी.

दादांचा धंदा मालापेक्षा हातावर चालायचा. बांगडी विकणे वेगळे आणि भरणे वेगळे. बाई ओट्यावर बसायची, दादा खालच्या पायरीवर. हात हातात घेऊन बोटांची मुळे हळूहळू दाबायची, अंगठा तळव्यात दुमडून घ्यायचा आणि काच एका दमात मनगटापर्यंत न्यायची. हात दाबूनच माप कळायचे. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. म्हणजे दोन इंच आणि वर चार, सहा, आठ आणे. इंचाचे सोळा आणे करणारा तो हिशेब रुपयातून आणे गेल्यावरही बांगडीत राहिला. नव्या नवरीचा हिरवा चुडा, डोहाळजेवणाच्या बांगड्या, माहेरी आलेल्या लेकीला आईने घेतलेल्या चार जास्तीच्या बांगड्या, हे सगळे दादांच्या हातून व्हायचे. सासरच्या माणसांदेखत परक्या पुरुषाकडे मान वर करून न बघणाऱ्या बायका त्यांच्या हातात हात देऊन घरचे सगळे सांगत. कोणाला दिवस गेले, कोणाला मारहाण होते, कोणाचा नवरा मुंबईहून दोन वर्षे आला नाही, हे दादांना गावच्या पाटलाच्या आधी कळे. आणि ते पेटीबाहेर कधी गेले नाही. ज्या घरात कोणी वारले असेल, तिथे दादा बाहेरूनच सायकलची घंटी दाबून धरत, वाजू देत नसत, आणि पेटी न उघडता पाणी पिऊन निघत.

गावाने आपल्या लेकीसुनांचा हात एका मुसलमान माणसाच्या हातात पिढ्यानुपिढ्या दिला. एकोप्याच्या भाषणांत या गोष्टीचा उल्लेख येत नाही. कदाचित ती फार साधी होती म्हणून.

आता मी त्या वाड्यांतून जातो तेव्हा डोक्यावर हेल्मेट, डोळ्याला गॉगल, अंगाला घट्ट कपडे. पोरे मागे धावतात, "इंग्रज आला" म्हणतात. कोणीतरी पाणी देते आणि विचारते, "कुठलं पाव्हणं?" पुण्याचा, असे सांगितले की पुढचा प्रश्न नावाचा. मी नाव सांगतो. गेल्या काही वर्षांत या ठिकाणी एक छोटा थांबा येऊ लागला आहे. दोन श्वासांचा असेल. तांब्या तसाच पुढे असतो, चेहऱ्यावरचे हसूही तसेच असते, पण मधे काहीतरी मोजले जाते. तरुण मुलांत तो थांबा थोडा लांब असतो. मग मी म्हणतो, मेढ्याच्या मणेराचा नातू. बामणोलीच्या अलीकडच्या एका वाडीत यावर ओसरीतली एक म्हातारी उठून आली. "सायकलवाल्या मणेराचा? आरं, माझा चुडा त्येनं भरला व्हता. एक बी वाढली न्हाई." आणि आत सुनेला हाक मारून चहा ठेवायला लावला. ज्या मुलाने नाव विचारले होते तो तिचा नातू. तोही बसला आणि मग सायकलचे गिअर बघू लागला.

ही गोष्ट गोड आहे, पण ती सांगून समाधान मानावे असे मला वाटत नाही. ती म्हातारी नव्वदीच्या पुढची होती. तिच्यानंतर त्या वाडीत मी नाव सांगेन तेव्हा उठून येणारे कोण असेल? माझा चुलतभाऊ आजही बांगड्या आणि कटलरी विकतो, छोट्या टेम्पोतून, यात्रा-जत्रांत. २०२५ च्या फेब्रुवारीत नगर जिल्ह्यातल्या मढी गावच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम दुकानदारांना बंदी करण्याचा ठराव केला. प्रशासनाने पुढे तो रद्द केला. पण ती बातमी आली त्या दिवशी चुलतभावाने मला फोन करून एवढेच विचारले, "इधर बी होईंगा क्या?" आमच्या भागात त्याला कोणी अडवलेले नाही. तरी त्याने टेम्पोवरचे नाव पुसून नुसते 'बांगडी सेंटर' लिहून घेतले आहे. त्याला मी दोष देत नाही. मागे काच असली की माणूस हवा कमी ठेवतो.

मला मात्र वाटते, ओळख टेम्पोतून होत नाही. टेम्पो यात्रेच्या मैदानात थांबतो, ओट्यापर्यंत जात नाही. आता बायका तालुक्याला जाऊन बांगड्या घेतात, स्वतःच्या हाताने घालतात. काचेची जागा धातूने आणि प्लास्टिकने घेतली. यात वाईट काही नाही. वाडीपर्यंत डांबर गेले, बाळंतिणीला दवाखान्यात नेता येऊ लागले, ते माझ्या सायकलच्या हौसेपेक्षा कितीतरी मोलाचे आहे. कच्चा रस्ता ही हौशी माणसाची मौज आणि तिथे राहणाऱ्याची अडचण असते, हे ग्रॅव्हलवाल्या सगळ्यांनीच ध्यानात ठेवावे. पण रस्ता पक्का होताना दारात थांबण्याचे एक कारण कमी झाले. दुसरे कारण आपल्याला शोधावे लागेल.

माझे सध्याचे कारण असे. पुण्यातले आठ-दहा सायकलवाले मित्र, त्यांत बहुतेक हिंदू, माझ्याबरोबर दादांच्या फेरीवर येतात. मोबाइलमध्ये रस्त्याची रेघ उमटते, उंची कळते, किलोमीटर कळतात. त्याखाली मी घरे लिहितो. या वळणावर पाणी कोणाकडे मिळते, कोणत्या ओट्यावर दादा पेटी उघडत, कोणती वाडी पूर्वी खाली होती आणि आता वर आहे. आम्ही थांबतो, बसतो, जेवणाचे पैसे देतो, चौकशी करतो. मुले पंक्चर काढायला शिकतात. पुढच्या वेळी नाव विचारायची गरज पडत नाही, आणि पडलीच तर तो थांबा येत नाही.

हे अंक वाचणाऱ्या पुष्कळ घरांत असा एखादा फेरीवाला होऊन गेला असेल. अत्तार असेल, तांबोळी असेल, पिंजारी, कल्हईवाला किंवा भंगार गोळा करणारा असेल. खान्देशात सातमाळ्याच्या रांगेत, मराठवाड्यात बालाघाटच्या डोंगरात, कोकणात घाटाखालच्या वाटांवर तो सायकल ढकलत गेला असेल. त्याच्या फेरीची गावे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून ओळीने पाठ असतात. माझ्या दादीला दादांची सव्वीस ठिकाणे पाठ होती. मी ती १९९६ मध्ये तिच्या तोंडून वहीत उतरवून घेतली. पुढच्या वर्षी ती गेली. तुमच्याकडे कोणी सांगणारे असेल तर या ईदच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा आणि गावांची नावे क्रमाने लिहून घ्या. वाटेत पाणी कुठे मिळायचे तेही विचारा. मग एक सायकल घ्या. महागाचीच हवी असे नाही, जुनी अठ्ठावीस इंचीही चालेल. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा आणि त्या वाटेने जाऊन या.